गेलापला विष नाही, जंत झाले होते

नाव : कार्सिह, नवऱ्याचे नाव एंगकोस. वय : ४४. धंदा : बाजारात वजडीच्या रश्श्याची गाडी. राहणार : चिगेदुग, डोंगराखालची आळी, जिल्हा गारुत, पश्चिम जावा.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा आणि त्याचे टकरीचे मेंढे यांच्यासोबत राहते. त्यातला थोरला मेंढा गेलाप गुरुवारी सकाळी मेला. माझा सख्खा धाकटा भाऊ ओडांग याने त्याला विष घातले अशी तक्रार नवऱ्याने दिली, आणि ओडांग कालपासून आपल्या ठाण्याच्या मागच्या खोलीत कोंडलेला आहे. त्याने विष घातलेले नाही.

आमच्याकडे मेंढे बांबूच्या माचीवरच ठेवतात आणि गवत कापून आणून घालतात. ते दव वाळल्यावर कापायचे, अंगणात उन्हात पसरायचे आणि कोमेजले की मगच घालायचे. ओल्या गवतावर जंतांची पिल्ले चढून बसतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नवऱ्यालाही माहीत होते. परंतु मोठ्या टकरी जवळ आल्या तसे शौकीन मंडळींनी त्याच्या डोक्यात भरवले की, रानातली भेकरे ज्या झऱ्यावर चरतात तिथले दवाचे गवत घातले तर मेंढ्याच्या अंगात भेकराची चपळाई येते. तेव्हापासून तो रोज पहाटे टोपली घेऊन डोंगर चढू लागला. घरचे पाणी भरायचे म्हटले की त्याचे गुडघे दुखतात. हेही लिहून घ्यावे.

त्या झऱ्याकाठी भेकरे मरून पडत आहेत, अंगावर मांस म्हणून नाही, असे वनरक्षकाने माझ्या गाडीवर रस्सा खाताना सांगितले. मी ते घरी सांगितले. नवरा म्हणाला, "भेकरं काय अमरपट्टा घेऊन येतात? तू आपली वजडी धू."

पुढे गेलाप मलूल झाला आणि त्याच्या जबड्याखाली फुगले. नवऱ्याला आनंद झाला. टकरीच्या मेंढ्याचा गळा भरदार असावा लागतो, तो भरला असे त्याने ठरवले. आळीतले पुरुष बघायला आले. "काय गळा धरलाय एंगकोसभाऊ, नजर काढा याची!" असे म्हणत त्यांनी माझी कॉफी संपवली. मी त्या फुगीवर बोट दाबले तर खळगा तसाच राहिला. पापणी उलटून पाहिली, आतून पांढरीफटक होती. मी म्हणाले, "अहो, हा गळा नाही, पाणी उतरलंय. पोटात जंत आहेत याच्या. डॉक्टरांना बोलवा."

"माझ्या मेंढ्याला जंत?" तो म्हणाला. "जंत लोकांच्या मेंढ्यांना होतात. डॉक्टरची मोटारसायकल दारात दिसली की गावभर बोंब. तुझं तोंड आवर."

म्हणून मीच ओडांगला सुपारीची पूड आणायला सांगितली. जंतांवर आमचे आईवडील तीच देत. मेंढा मला आवरत नाही, म्हणून ओडांगने एका हाताने शिंग धरून ती केळ्यातून भरवली, आणि नेमके हेच नवऱ्याने पाहिले. पूड थोडी होती आणि उशीर फार झाला होता. विष म्हणून कोणाचे नाव लिहायचेच असेल तर माझे लिहा.

मेल्यावर नवऱ्याला गेलापला कापडात गुंडाळून पुरायचे होते. मी त्याआधी सुरी घेतली. माझा दिवस जनावरांची पोटे धुण्यात जातो, निरोगी पोट कसे असते ते मला कळते. याच्या पोटात केसासारखे बारीक, लाल-पांढरा पीळ पडलेले जंत खच्चून भरले होते आणि अजून वळवळत होते. रक्त पाण्यासारखे पातळ होते. मी नवऱ्याला ओढत आणून दाखवले. तो म्हणाला, "बघ, विषानं काय करून ठेवलंय." नंतर इस्त्रीचा शर्ट घालून तो आपल्याकडे ठाण्यात तक्रार द्यायला आला. अशा माणसाला काय सांगावे?

हा जबाब चालू असताना नवरा इथे आला. तो मला म्हणाला, "तू जंतांचं नाव काढून टाक, मी तक्रार मागे घेतो. लिही, उचकी लागून गेला." जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनाही ते सोयीचे वाटले. आतून ओडांग ओरडला, "ताई, अगं काढ की तो शब्द! मी काय जंतांसाठी तुरुंगात झिजू? इथं डास फोडून काढतायत!"

मला रडू आले आणि रागही आला. भाऊ माझा आहे. परंतु आता आळीतले निम्मे पुरुष त्याच झऱ्यावरून गवत आणतात, कारण गेलापचा गळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. मी शब्द काढायला नकार दिला. नवऱ्याला सांगितले, "घरी जा, धाकट्या मेंढ्याची पापणी उलटून बघ, आणि मग मला उचकी शिकव."

तो पाय आपटत गेला. परत आला तेव्हा घामाघूम होता आणि शर्टाला लेंड्या लागल्या होत्या. तो बाकावर बसला. साहेबांनी विचारले, "काय एंगकोस, काय ठरलं?" त्याने मान वर केली नाही. "जनावरांचा दवाखाना किती वाजता बंद होतो?" असे त्याने विचारले. मग म्हणाला, "ओडांगला सोडा, साहेब. औषध पाजताना शिंगं धरायला माणूस लागेल."

हा जबाब मला माझ्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवला, तो नवऱ्यानेही बसून ऐकला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. त्यातला एकही शब्द काढलेला नाही.

सही : कार्सिह