आईनं पाहिलेलं प्रशिक्षण

हसू नका, पण माझ्या मास्तरकीवर सगळ्यात जास्त संशय माझ्या आईलाच आहे. आम्हा शिक्षकांना मागे ई-लर्निंगचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं होतं. व्हिडिओ काही पुढे पळवता येईना. म्हणून तूर निवडत बसलेल्या आईसमोर मोबाइल चालू ठेवला आणि मी सेलूच्या बाजाराला निघालो.

"तो माणूस बोलून राह्यला अन् तू चालला काऊन?"

"त्याले आपण दिसत नाई, आई."

"मंग तू शिकला, हे त्याले कसं समजते?"

"व्हिडिओ संपला का समजते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी चप्पल घालून सटकलोच.

संध्याकाळी त्या प्रशिक्षणाच्या मोबाइलवरच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा प्रश्न मोठ्यानं वाचला, "घरी बसून शिकणाऱ्या मुलाला समजलं का, हे कसं ओळखाल?"

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "मधामधात थांबून त्याले विचारा लागते."

पुढची उत्तरंही तिनंच सांगितली. पास झालो.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र छापून आणलं. आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "याच्यावर तुयं नाव काऊन?"