फान सरांचं यंत्र

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, घरी नाही. विद्यापीठात आलेय. वेइ-रानच्या प्रयोगशाळेबाहेर उभी आहे.

हळू बोलतेय, कारण दार किलकिलं आहे. आत बापलेक दोघंच आहेत, तो आणि तांगतांग.

अगं, बालवाडीतून परस्पर घेऊन येतो तिला. हा आठवडाभर रोज. मला सांगतो, बागेत नेतो.

छे गं, बाईबिई काही नाही! बाई असती तर परवडलं असतं.

ऐक ना. फान सर गेले ना वसंतात… हो, तेच, त्याचे गुरू. दुपारच्या सुट्टीत हेलियमच्या टाक्यांपाशी बसून बासरी वाजवायचे ते. त्यांचं ते हेलियमनं गार करायचं यंत्र आता ह्याच्याकडे आलंय. आणि त्यावर सरांनी ठेवलेलं ते हिरवं पाकीट… हो, हो, नारळाचा खाऊ. तुमच्या बँकेत नाही का संगणकावर ठेवत, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून? तेच.

ह्यानं ते फोडलं.

फोडलं म्हणजे फोडलं! तांगतांग रडत होती, म्हणून तिला खायला दिलं. वर विद्यार्थ्यांना म्हणतो कसा, भौतिकशास्त्र शिकता आणि खाऊच्या पुडीला घाबरता?

हसू नकोस. त्या दिवसापासून यंत्र गारच होत नाही. पंप बदलले, नळ्या बदलल्या. कुठेतरी गळतंय, पण कुठे ते सापडत नाही.

नवं ठेवलं की! हिरवंच, तारीख बघून. आता तर रांग लावलीय, किराणा दुकान झालंय आत.

अगं, पाकिटाचं मरू दे… तांगतांग म्हणते, यंत्रामागे आजोबा उभे आहेत.

तिनं कुठे बघितलेत? सरांनी अंथरूण धरलं तेव्हा ही पाळण्यात होती. आणि काल आंघोळ घालताना गुणगुणत होती… तीच धून, त्यांच्या बासरीची. मी नळ बंद केला. तर म्हणाली, आई, इथे आजोबा चुकतात, मग परत पहिल्यापासून घेतात.

…हो. चुकायचेच ते. तिथेच.

अगं, आत जाणारच होते! मला वाटलं, तिला समजावत असेल, असं काही नसतं म्हणून. बाप आहे, शिकलेला आहे. तर हा तिलाच विचारतोय! सकाळी पहिल्या वर्षाला उष्णतेचे नियम शिकवले, आणि आता पोरीला मांडीवर घेऊन… ‘विचार ना आजोबांना, रागावलेत का माझ्यावर? गळती कुठाय, तेवढं विचार.’

हो, हो, ठाऊक आहे मला, वर्षाचा सातवा महिना आहे, मेलेले परत फिरतात तो! पाठीमागून हाक मारायची नाही, नाव घ्यायचं नाही… तिला सगळं शिकवलंय गं मी. बापाला कुणी शिकवायचं?

थांब. थांब जरा.

मांडीवरून उतरली. यंत्रामागे गेली… बोलतेय. मान वर करून, उंच माणसाशी बोलावं तशी.

पाय दुखतात म्हणे त्यांचे. बसायला जागा नाही…

ताई.

ताई, तिनं त्यांना घरी बोलावलं.

…नाही, तो नाही ओरडला. डोळे पुसतोय आणि हसतोय. म्हणतोय, ‘तुझ्या खोलीत राहायला सांग सरांना.’ तिच्या खोलीत गं! आमच्या नाही, तांगतांगच्या!

नाही, आता भांडायला वेळ नाही. मी तिला उचलतेय आणि तडक तुझ्याकडे येतेय. ताइनानची मिळेल ती गाडी धरते… कपडे राहू देत.

तो? तो नाही यायचा. आम्ही दोघीच.

आणि ऐक… दार उघडलंस की सवयीनं ‘या, या’ म्हणू नकोस. तोंडातून शब्द काढू नकोस. आधी तिला आत ओढ, मग मला ओढ, आणि दार लाव.

ठेवते.