पाखऱ्याचा फाटका कान

काकू, आप्पा, लांबून आलेल्या पावण्यांनो, आणि धाकल्या घाटातल्या माझ्या पोरांनो,

मी मंगल. खालच्या आळीची. सातवीनंतर शाळा सुटली, तवापासून चार माणसांत तोंड उघडायची सवय नाय. आई म्हणली, उभी राहा, दोन शब्द बोल, तात्यांच्या फोटोला हात जोड आणि बस. पण माझं दोन शब्दांत व्हत नाय. आवाज कापला तर हसू नका. पप्प्या, तू तर आजिबात हसू नको.

आत्ता आप्पा बोलले. तात्या देवमाणूस व्हते म्हणले. तात्यांनी आपल्या डिंगोरे गावाचं नाव लांब नेलं म्हणले. कंपनीच्या सायबांनी हार पाठवला, खुर्च्या पाठवल्या, आणि मागं ह्यो एवढा मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर तात्या हसत्यात. त्यांच्या बाजूला बैलजोडी हाय. सगळ्यांनी बघितली ना? आता जरा डाव्या बैलाचा कान बघा.

फाटलाय ना?

तो माझ्या पाखऱ्याचा कान हाय.

पावण्यांना म्हाईत नसंल म्हणून सांगते. तात्या सुतार. दारं, खाटा, आउतं करायचे, आणि उरल्या लाकडाची बैलं करायचे. चाकावरची जोडी, मागं बारकासा गाडा. जत्रंत शर्यतीच्या मोठ्या घाटात खरे बैल चढत्यात, तसा आमचा धाकला घाट शाळंच्या मागं. फरक एवढाच, आमची बैलं चढत नाय, उतरत्यात! उतारावर पाणी मारायचं, चोपून गुळगुळीत करायचं, वरनं जोडी सोडायची. पप्प्या पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावून वरडायचा, "आली आली आली, मंगलची जोडी आली, भिर्रर्र!" भंडारा उधळायचा. मोठ्या घाटात पोरींना कोण इचारतंय? पण हितं पहिल्या साली पोरं म्हणली, हिला नको, तर तात्या म्हणले, "का रं? बैल काय तुला इचारून पळतो का?" झालं. तवापासून मी पण गाडामालक.

तात्यांचा एक कायदा व्हता. ज्याच्या घरचा बैल, त्याला त्याच बैलाचं तोंड. सोता गोठ्यात येऊन बसायचे. बिडी वढत नुसते बघत राहायचे. शिंगं कशी, वशिंड कसं, कपाळावर चांद कुठं. आणि एक जोडी एकदाच करायची. सोन्यानं एकदा माझ्यासारखी जोडी मागितली, तर तात्या म्हणले, "तुझ्या आयनं तुझ्यासारखा दुसरा केलाय का रं? एकच लई झाला तिला!"

आमचा पाखऱ्या वासरू असताना काटेरी तारंत अडकला, त्यात कान फाटला. तात्यांनी तो कान लाकडात तसाच कोरला. मी म्हणलं, "तात्या, खेळण्यात तरी चांगला करा की." तात्या माझ्याकडं बघत म्हणले, "मंगे, चांगला केला का तो दुसऱ्याचा झाला."

हे त्यांचं वाक्य हाय. माझं नाय.

पुढं पाखऱ्या म्हातारा होऊन गेला. बांधालाच पुरलाय. त्याचा एक फोटो नाय आमच्याकडं. तो कान फकस्त त्या लाकडात राह्यला व्हता.

मागल्या जत्रंनंतर तात्या म्हणले, आण तुझी जोडी, चाकं कुरकुरत्यात, तेलपाणी करून देतो. दिली. कुणाला द्यायची दुसऱ्या? लई दिवस ठेवून घेतली. परत आली तर पाखऱ्याच्या कानाच्या फटीत पांढरं पीठ अडकल्यालं. गणपतीच्या मूर्तीचं असतंय ना, तसलं. मी इचारलं, हे काय? तात्या म्हणले, "लागलं असंल काय तरी." मी पदराच्या टोकानं पुसलं. परत इचारलं नाय. तात्यांना कोण परत इचारतंय?

मग गावात कुणकुण आली. शहरातली खेळण्यांची कंपनी तात्यांना इकत घेणार. आमच्या पोरांची तर झोपच उडाली. पप्प्या म्हणला, आता मशीन बैल वकणार. सोन्या म्हणला, बटण दाबलं का बैल हिंदीत गाणं म्हणणार. कोण म्हणला, धाकल्या घाटाला आता तिकीट लागणार, आणि आपल्यालाच आत सोडणार नाय. एका बारक्यानं तर जोडी उशाखाली घेऊन झोपायला सुरवात केली, कंपनी रातीची घेऊन जाईल म्हणून. हसू नका. तुमाला ती खेळणी. आमच्या गोठ्यातली गेलेली बैलं त्यात उभी हायेत.

आमी सगळी तात्यांच्या वट्यावर गेलो. पुढं कोण बोलणार? मलाच ढकललं. मी खाली बघत इचारलं, "तात्या, खरं हाय का?"

तात्या हसले. रंधा खाली ठेवला. म्हणले, "मला इकत घ्यायचं म्हंजी माझी बिडी, माझा खोकला आणि तुमची काकू, सगळं घ्यावं लागंल. कोण घेतंय?" सगळी हसली. मी हसले नाय. मग तात्यांनी माझ्या हातातल्या पाखऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मंगे, ह्याची शप्पथ. अफवा हाय."

ह्याची शप्पथ म्हणले. ह्याची!

त्यानंतर आईसंगं जुन्नरच्या बाजाराला गेले. खेळण्यांच्या दुकानाला पुढं खोकी लावल्याली. आत पिलॅस्टिकची बैलजोडी. डाव्याचा कान फाटका. दुसरं खोकं बघितलं. फाटका. तिसरं बघितलं. तवा कळलं, फटीतलं ते पांढरं पीठ साच्याचं व्हतं. शेठ म्हणले, "घे की पोरी, तुझ्याच गावचा माल हाय, लई खपतोय." मी म्हणलं, "शेठ, ह्याचा कान का फाटलाय?" शेठनं खोकं उलटंपालटं केलं. म्हणले, "डिझाइन असंल."

डिझाइन.

आमचा पाखऱ्या तारंत अडकून वरडत व्हता. माझ्या बापानं हातानं तार सोडवली, त्याच्या तळहाताला अजून वण हाय. ते डिझाइन.

कंपनीचा राग येतोच. पण कंपनीनं माझ्यापुढं शप्पथ घेतली नव्हती. कंपनी आमच्या गोठ्यात बसून बिडी वढली नव्हती. काकू, तुमाला दुखवायचं नाय मला. पण तुमीच परवा रडत म्हणलात, सही आधीच झाली व्हती. म्हंजी पाखऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, तवा त्या हाताची सही झाल्याली व्हती.

आमी काय केलं? दगडं मारली नाय. शिव्या दिल्या नाय. सगळ्यांनी आपापली जोडी तात्यांच्या वट्यावर नेऊन ठेवली. वळीनं. तोंडं दाराकडं. आणि घरी गेलो. तात्यांनी दार उघडलं आसंल, तवा डिंगोऱ्यातली सगळी बैलं त्यांच्याकडं बघत व्हती.

त्यांनी एक पण आत नेली नाय. एक पण हलवली नाय. पण सकाळी दव पडायचं, तर वरनं गोणपाट टाकायचे. मी जाता-येता बघायचे. मला कळायचं नाय, ह्या माणसाचा राग कसा करायचा.

बुधवारी मला हाक मारली. वट्यावर बसले व्हते, हातात बिडी, पण पेटवल्याली नाय. म्हणले, "मंगे, रविवारी सगळ्या पोरांना घेऊन ये. बसून सांगतो. सगळं सांगतो."

शुक्रवारी तात्या गेले.

तिरडी उचलताना वट्यावर जागा नव्हती. माणसांनी जोड्या पायानं बाजूला सारल्या. मी आणि पप्प्यानं गोळा केल्या. ह्या बघा, ह्या टेबलावर ठिवल्यात.

आप्पा, तात्या देवमाणूस नव्हते. देवाला लाकडातला कान असा कोरता आला नसता. आणि देव आमच्याशी खोटं बोलला असता, तर आमाला एवढं लागलं नसतं. तात्या आमचे व्हते. आमचा माणूस आमाला फसवून गेला. हे पण आज हितं कुणीतरी बोलाय पायजे व्हतं.

माझं एकच मागणं हाय. सगळे श्रद्धांजलीला उभं राहायच्या आधी तो फ्लेक्स उलटा करा. तात्यांचा घरातला फोटो काकूंकडं हाय, तो पुढं ठेवा. कंपनीच्या बैलापुढं मी मान खाली घालणार नाय. सोन्या, पप्प्या, जावा, दोरी सोडा.

आमच्या घाटात निशाण पडायच्या आधी पप्प्या नरसाळं खाली ठेवतो. मग कोणच बोलत नाय, बारकी पोरं पण नाय. तसं गप उभं राहू.

तात्या, आज रविवार हाय. सगळी पोरं आणल्यात. जोड्या पण आणल्यात. तुमीच म्हणला व्हता, बसून सांगतो.

आमी आलोय. सांगा.