छुंद्याच्या बरणीतल्या गोळ्या

अहमदाबादच्या एका इस्पितळात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालते. तिथे बाकावर माझ्या शेजारी दोन जावा नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या.

“डॉक्टर विचारतील, दहापैकी किती दुखतं. काय सांगणार, भाभी?”

“आधी तुझं बोल, विमळा.”

“मी तीन सांगेन. परवा खाली मांडी घालून खाखरे लाटले मी.”

“बघितलं. अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलंस.”

“तुम्हाला काहीच फरक नाही?”

“रात्री कूस बदलताना जीव जातो.”

“डॉक्टर म्हणालेच होते, निम्म्या बाटल्यांत नुसती साखर असते. तुमच्या वाट्याला तीच आली असणार.”

“कसली तुझी नि कसली माझी? पहिल्याच दिवशी दोन्ही बाटल्या छुंद्याच्या रिकाम्या बरणीत ओतल्या मी. त्यातूनच दोघींना देते. एका चुलीवर जेवायचं, आणि एकीला औषध, एकीला साखर? आपल्या घरात चालेल असलं?”

“अरे देवा. हे डॉक्टरांना सांगायचं?”

“वेडी आहेस का. दोघींना हाकलतील.”

“मग निदान दुखणं तरी खरं सांगा. आठ सांगा.”

“आठ म्हटलं तर म्हणतील, गोळीत दम नाही. बंद करतील. मग पुन्हा तुझं कण्हणं मी ऐकू? मीपण तीनच सांगणार.”

“भाभी, पण…”

आतून भाभींना “कपिलाबेन” अशी हाक आली.

“चल, हात दे आधी. उठवत नाही मला.”