चाख्याचा ओढा

ऐका. पण आधी तो कंदील जरा बारीक करा, किडे येतात. आणि मल्लू, तोंडातलं पान थुंकून ये बाबा. ही गोष्ट तोंडात काही घेऊन ऐकायची नाही. मागं एकानं भजी खात ऐकली, तर त्यानं माझ्या या ओट्यावरच सगळी भजी परत दिली. मला धुवावा लागला ओटा!

तर मी तेव्हा बावीस वर्षांचा. बारदानाचा धंदा. पोती, सुतळी, कापडी पिशव्या. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आणि त्या साली सरकारनं जमिनीचं एकत्रीकरण काढलेलं. म्हणजे काय, तुमचा एक तुकडा इथं, एक तुकडा तिथं, ते सगळं एका जागी करून द्यायचं. याचं त्याला, त्याचं याला. आता अदलाबदल करायची तर कुणाची जमीन कशी, हे ठरवायला नको? म्हणून प्रतवारी. उत्तम काळी असली तर सोळा आणे. त्याहून हलकी बारा, आठ. खारवट, दगडगोटे, बरड असली तर चार आणे. शेताशेतातली माती पिशवीत भरायची, पिशवीवर शेताचा नंबर घालायचा आणि तालुक्याला साहेबापुढं ठेवायची. त्या पिशव्या माझ्या!

काटेगावात काम चाललेलं. कारकून परांडकर, सज्जन माणूस, पण हिवतापानं हुडहुडला. दहा पिशव्या भरलेल्या, अकरावी राहिलेली. सकाळी आठला तालुक्याला फैसला. मी उरलेल्या कोऱ्या पिशव्या परत न्यायला सायकलवर गेलेलो. गोधडीतून हात बाहेर काढून परांडकर म्हणाला,

"अप्पा, एवढं कराच. एक्केचाळीस नंबर. पाच जागी वीतभर खणा, माती एकत्र करा. चार वाटे पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेल्याचे पुन्हा चार, पुन्हा दोन टाका. अर्धा शेर राहील तेवढी भरा. अकराही पिशव्या साहेबांच्या टेबलावर ठेवा."

"आणि नाही पोचली एक्केचाळीसची तर?"

"तर शेजारच्या बरडाचीच प्रत लावतील. चार आणे. मग ते शेत जाणार शेजारच्या देशमान्याला आणि देशमान्याचे दगड येणार म्हातारीला."

म्हातारी म्हणजे धोंडाबाई, एक्केचाळीसची मालकीण. दारातच उभी होती. हातात भाकरी, वर झुणका.

"खा आधी," म्हणाली. "आन माती बांधाजवळची घिऊ नगस. तितं माज्या शेळ्या बसत्यात. मधली घे, मधली. चाळीस वर्सं शेणखत घातलंय म्या. मालक गेले, पर खत चुकलं न्हाई."

"घेतो की मावशी, मधलीच घेतो."

असं म्हणालो मी. या तोंडानं. आणि काय केलं ठाऊक आहे?

एक्केचाळीस नंबर गावाच्या पार पलीकडं, माळाला. तालुक्याची वाट उलटी, ओढ्यातून. दिवस बुडालेला, पोटात भाकरी जड झालेली. मी म्हटलं, माती ती माती. साहेब काय तिला नाव विचारणार आहे? सरळ ओढ्याकडं सायकल मारली.

आता त्या ओढ्याची गंमत ऐका. गंमत कसली, घाण! सगळ्या गावाच्या शिवाराचं पाणी तिथं उतरायचं आणि मेलेली जनावरंही तिथंच ओढून टाकायचे. काठावर पांढरा खार फुललेला. खाली काळा, लिबलिबीत गाळ. वास असा, की नाकाला नाही, दातांना लागायचा. मी तिथली माती खरवडली. हो, मीच! अर्धा शेर. पिशवी बांधली, वर एक्केचाळीसचा कागद. हात धोतराला पुसले. मला आजही त्या धोतराची किळस येते, आणि त्या बावीस वर्षांच्या पोराची तर त्याहून जास्त.

त्या ओढ्यातून अंधार पडल्यावर कुणी माती नेत नसे. कुंभारसुद्धा गाढवावरच्या गोणी अलीकडंच उतरवून सकाळची वाट बघायचा. का? तर चाख्या. आजोबांच्या काळी तो प्रतवारीचा कारकून होता म्हणे. आख्खं गाव लिंबाखाली बसून लिहिलं त्यानं. एका शेतात पाय टाकला नाही! कुणाची सोन्यासारखी जमीन बरड लिहिली, कुणाची बरड सोन्यासारखी. परतताना ओढ्यात घसरला, तोंड गाळात रुतलं, तसाच गेला. बाहेर काढला तर घशापर्यंत चिखल! तेव्हापासून जी माती ओढ्यात येईल ती चाखतो. ती कुठली हे सांगितल्याशिवाय सुटका नाही त्याची.

मला हे माहीत होतं. पण व्यापाऱ्याला वाटतं, भूत गिऱ्हाइकाला धरतं, आपल्याला नाही.

उतरलो. अष्टमीचं चांदणं. सायकल हातात, पाणी घोट्याएवढं. मध्यावर आलो आणि टाचेला काहीतरी लागलं. ओलं. खरखरीत. बैल हात चाटतो ना, तसं. म्हटलं, शेवाळ असेल. दुसऱ्या टाचेला लागलं. आणि खालून आवाज आला,

"चावडीपुढची. मुरूम. सहा आणे."

अहो, मी चावडीपुढूनच आलो होतो!

पळायला गेलो तर सायकल हलेना. मागच्या चाकापाशी एकजण उकिडवा बसलेला. काळा कोट, पण कोट कसला, चिखलाचं पोपडं. आणि जीभ... नको. सांगतो, सांगतो. जीभ छातीपर्यंत. रुंद. काळी. तिच्यावर गांडुळं चिकटलेली आणि तो ती आत ओढून घेत होता, शेवया खातात तशी!

"पिशव्या आणल्यास?" अगदी गोड बोलला. कचेरीतल्यासारखा. "दाखीव. कोणता नंबर?"

त्यानं स्वतःच पहिली पिशवी सोडली. आत तोंड घातलं. चाखली. डोळे मिटले. "सात. काळी, खोल. चौदा आणे." आणि तोंडातलं परत पिशवीत थुंकला! गाठ मारली, नीट! दुसरी सोडली. "बावीस. तांबडी. नऊ आणे." थुंकला. "तेरा. चोपण. पाच." थुंकला. एकीचा नंबर सांगेपर्यंत दुसरीला हात लावत नव्हता. दहा पिशव्या, दहाही बरोबर!

मग अकरावी. चाखली. थांबला. पुन्हा चाखली. जीभ गालांच्या आत फिरताना दिसत होती, कातड्याखाली उंदीर फिरावा तशी.

"ही कोणती रे?"

"ए-एक्केचाळीस."

"एक्केचाळीस." हसला. दातांत गाळ. "मी लिंबाखाली बसून लिहिलं होतं. तू तर लिंबापर्यंतही गेला नाहीस की!"

आणि मुठीनं तो गाळ माझ्या तोंडात कोंबला. "सांग चव! सांग!" खारट. कुजकं. मध्ये एक केस. लांब, जाड केस, शेपटीचा! दाताला गुंडाळला गेला माझ्या. मी ओकलो. त्यानं तेही बोटानं उचलून बघितलं. "ज्वारी. मध्यम प्रत." म्हणाला!

हसू नका रे. मला हसू येत नव्हतं.

"माती खोटी, तर तुझीच प्रत काढू," म्हणाला आणि बोट माझ्या पोटात खुपसलं. गार. ओलं. "वर दोन बोटं मऊ. खाली चरबी. निचरा नाही. व्यापारी माणूस, खडक लागायला वेळ लागेल." मग त्याच बोटानं माझ्या पोटावर फुली ओढली. उभी रेघ, आडवी रेघ. "चार वाटे करू. समोरासमोरचे दोन टाकू. उरलेल्याचे पुन्हा चार."

मंडळी, त्या क्षणाला माझं डोकं चाललं. धंद्यात शिकलो होतो, गिऱ्हाईक अडून बसलं की त्याला काय हवंय ते बघायचं, काय म्हणतंय ते नाही. याला नंबर सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि ओढ्याचा गाळ कुणाचा? साऱ्या गावाचा! प्रत्येक शेतातला कण त्यात वाहून आलेला!

"महाराज," मी म्हणालो, "माझे वाटे करा, पण या पिशवीतल्या मातीचे नंबर तुम्ही अजून सांगितले नाहीत."

आणि सगळा गाळ समोरच्या खडकावर ओतला. रिकामी पिशवी खिशात घातली.

त्याचं तोंड उतरलं. खरंच सांगतो, पंतोजीनं पकडल्यावर पोराचं उतरतं तसं. खडकावर वाकला. एक चिमूट जिभेवर. "सात. नाही, सात आणि तेहतीस. आणि... आणि अठरा." चिमटीतली चिमूट वेगळी करायला लागला. कण कण! चप चप आवाज करत. सायकल सुटली. मी पलीकडच्या काठावर!

वाचलो होतो. संपली असती गोष्ट. घरी जाऊन गरम पाण्यानं चुळा भरल्या असत्या.

पण खिशात रिकामी पिशवी. वर एक्केचाळीस.

बसलो काठावर. धोंडाबाई आठवली. चाळीस वर्षं शेणखत आणि उद्या सकाळी आठला दगड! कुणामुळं? झुणका खाऊन झोपेला आलेल्या एका हरामखोरामुळं. माझी मलाच अशी शिसारी आली, की चाख्याची कमी वाटायला लागली. सायकल आणि दहा पिशव्या बाभळीआड ठेवल्या आणि परत फिरलो. त्याच्या पाठीमागून, श्वास दाबून, पाण्यातून. तो म्हणत होता, "एकोणतीस... पाच... देवस्थानची..."

गाव ओलांडून माळावर पोचलो. हातानं खणलं. पाच जागी, मधेच, बांधापासून लांब. चार वाटे, दोन टाकले. चार वाटे, दोन टाकले. नखं फुटली. काय माती होती! लोण्यासारखी. रात्री गार, आणि वास साजूक तुपाचा.

परत आलो तेव्हा चंद्र बुडालेला. काही दिसेना. नुसता आवाज. चप चप. आता हळू. म्हणजे गाळ संपत आलेला! आणि माझ्या तळव्यांना एक्केचाळीसची माती. पाण्यात पाय घातला की त्याला कळणार.

कनवटीला सात कोऱ्या पिशव्या होत्या. दोन पायांत चढवल्या, सुतळीनं आवळल्या. उतरलो.

एक पाऊल. "अकरा..." दुसरं. "देशमान्याचा बरड..." तिसरं. चप चप थांबलं.

"कोरं कापड," अंधारात म्हणाला. नाक ओढल्याचा आवाज. "खळीचा वास. कोण आहे?"

मी खांबासारखा उभा. छातीशी पिशवी.

"दोनच चिमट्या राहिल्या," म्हणाला. "थांब हं. जाऊ नकोस." आणि एक चिमूट गिळली. "नऊ!"

मी पळालो! फटाफटा पाणी उडवत. मागं "सोळा!" अशी किंकाळी आणि लगेच डाव्या पायाला मिठी! जीभ पिंढरीला गुंडाळली, दोन वेढे! आवळली! मी काठावरची बाभळीची फांदी धरली, काटे हातात घुसले, ओढलं, ओढलं, आणि सुतळी तुटली. पायातली कोरी पिशवी त्याच्या तोंडात गेली. मी वर. खालून चघळल्याचा आवाज येत राहिला आणि मग एकदम रडल्यासारखा,

"हिला चवच नाही! हिचा नंबर काय? नंबर काय हिचा?"

मी मागं वळून बघितलं नाही.

सकाळी आठला अकराही पिशव्या टेबलावर. साहेब जुन्या वळणाचा, माती पाण्यात कालवून बघायचा, बोटानं मळून बघायचा. एक्केचाळीस सोडली. बघतच राहिला. "पंधरा आणे," म्हणाला. "हिला हात लावायचा नाही. बाईचं शेत बाईकडं." देशमाने जागेवरच बसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात साहेबानं सात नंबरची सोडली. तीच, पहिली. खार आहे का ते कळायला चिमूटभर जिभेवर ठेवायची सवय होती त्याला.

मी "साहेब" म्हणायला तोंड उघडलं. पण काय सांगणार? त्यानं ठेवली. मग बावीसची ठेवली. मग तेराची. दहाही. मिटक्या मारत! "अप्पा," म्हणाला, "या दहा पिशव्यांतली माती आधीच ओली कशी?"

मी कचेरीच्या मागं जाऊन जे ओकायला लागलो ते दुपारपर्यंत.

"पण अप्पा," हे तू विचारणारच रेवण, तुझ्या तोंडावर दिसतंय, "माती खरी असली तर काय भीती?" अरे, त्या दहा पिशव्या खऱ्याच होत्या की! त्यात थुंकायचं सोडलं का त्यानं?

म्हणून सांगतो. आता तिथं फरशीचा पूल घातलाय, लोक म्हणतात ओढा गेला. जाऊ नका. दिवस मावळला की काटेगावाहून टेकडीच्या अंगानं या. अडीच मैलांचा फेरा पडतो. पडू दे.