क्लच आणि कढीपत्ता

गुरुग्राममध्ये हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावरून अचानक मराठी ऐकू आलं. नवरा-बायको होते.

“अहो, जिन्यावरून पडलो असं नका सांगू. क्लच दाबून दाबून गुडघा गेला, असं सरळ सांगा.”

“सांगतो. चांगल्या चालत्या ऑटोमॅटिक गाडीला स्वतःच्या हातांनी गिअर बसवले, हेही सांगतो. म्हणजे ते मला शेजारच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतील.”

“ती गाडी मीही चालवायचे. आता मेट्रोनं हिंडते.”

“तेव्हा मला वाटायचं, ऑटोमॅटिकमध्ये माणूस ड्रायव्हर नसतो, सवारी असतो. आता रोज ट्रॅफिकमध्ये पहिला गिअर, न्यूट्रल, परत पहिला. तिसरा-चौथा तर अजून कोरे करकरीत आहेत.”

“आणि वेग वाढवायला हौसेनं बसवलेला तो टर्बो?”

“कामाला लागला ना एकदा! बेसमेंटचा चढ चढताना. गार्ड धावत आला, ‘अंकल, जनरेटर चालू हो गया क्या?’”

“हसवू नका, लोक बघतायत.”

“अरुणा, डॉक्टर ऑटोमॅटिकच चालवा म्हणणार बघ.”

“मग?”

“जुना गिअरबॉक्स आहे ना गं बाल्कनीत?”

“आहे. त्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवलीय मी.”

“बस, मग टेन्शनच नाही! कुंडी तेवढी खाली ठेवतो आणि महिन्याभरात गाडी होती तशी करून देतो.”

“द्या की. आधी कुंडीपर्यंत वाकून दाखवा.”