रायफल ठीक आहे

टक्. एवढाच आवाज होता, ताई. वाळलेली काडी पायाखाली मोडावी तसा. एकवीस वर्षं झाली, अजून कानातून जात नाही. थंडीत कपाटाचं लाकूड आखडून वाजलं तरी मी दचकतो — बायको होती तेव्हा हसायची, म्हणायची, अहो, घर जरा अंग मोडतंय, तुम्ही कशाला घाबरता. तिलाही सांगितलं नाही कधी. पण ते राहू दे, तुम्ही विचारत होता ते आधी — या रायफलीच्या लोखंडाला कुठलं लावणार म्हणून. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, माझ्यासारखाच. इकडं खुर्चीवर बसा.

तुम्हाला हे माहीत आहे म्हणा, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पुढचं सुचत नाही. हे लोखंड, ॲक्शन — गोळी बसते ते घर — आणि हा लाकडाचा दस्ता. दोघांच्या मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी दर गोळीला लोखंड जरासं हलतं आणि नेम फाकतो. म्हणून दस्त्यात इपॉक्सी — सुकून दगडासारखी होणारी लुकण — भरायची, ओली असतानाच लोखंड तिच्यात दाबायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. उशीला डोक्याचा खड्डा पडतो ना, तसा तिला लोखंडाचा आकार येतो. बेडिंग म्हणतात याला. फक्त सुकल्यावर लोखंड बाहेर निघालं पाहिजे — आणि ते निघावं म्हणून आधी त्याला काहीतरी लावायचं, इपॉक्सीनं धरू नये असं. काय लावायचं, सगळी मेख तिथं आहे.

आता इथं फळीवर बघा. बिनरंगी बूटपॉलिश आहे, फरशीचं मेण आहे, हा फवाऱ्याचा डबा, आणि ती हिरवी बाटली — तिच्यातलं लावलं की वाळून पातळ पापुद्रा धरतो. साधं काळं लोखंड असलं की यातलं काहीही चालतं, डोळे मिटून उचलावं. पण तुमच्या लेकीनं याला भट्टीत भाजलेला लेप दिलाय. राखाडी, छान दिसतो. हाताला गुळगुळीत लागतो, पण हे भिंग घ्या — बघा, कसा खरखरीत आहे. बारीक बारीक खड्डे. इपॉक्सी त्यात बोटं रोवून बसते. फवारा नको, त्यातलं औषध एखाद्या लेपाला मऊ करतं. हिरव्या बाटलीतलं या लेपावर धड पसरत नाही, थेंब थेंब होऊन पळतं. राहिलं मेण. पण एकदा पुसून भागत नाही — लावा, वाळू द्या, घासा, परत लावा, असं तीनदा. आणि त्याच्याही आधी, खालच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही अशा नखाएवढ्या जागी मेण लावून इपॉक्सीचा एक ठिपका ठेवायचा. एक दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी नखानं टिचकी दिली की तो उडाला पाहिजे, लेप न उचलता. उडाला तर पुढं. गिऱ्हाईक चिडतं — म्हातारा एका ठिपक्यापायी दिवस घालवतो म्हणतं. घालवतो. त्याशिवाय मी हात लावत नाही.

कुणी शिकवलं? एका पोरीनं.

एकोणीस वर्षांची होती. तिच्याही रायफलीला असाच लेप होता, हिरवा — माझ्या दुकानात आलेला पहिलाच. नेमबाजीची निवडचाचणी आठवड्यावर होती. ती म्हणाली, काका, हा लेप वेगळा आहे, आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा ना. मी हसलो. म्हणालो, पोरी, तुझ्या वडलांना मिसरूड फुटायच्या आधीपासून मी हे करतोय. ती पण हसली. चांगल्या घरातली, मोठ्या माणसाला उलट काय बोलणार. आणि मी आपलं बूटपॉलिश घेतलं, फडक्यानं एकदा पुसलं, काळ्या लोखंडाला पुसायचो तसं. बरं, झाकणसुद्धा पूर्ण उघडलं नव्हतं, कडेकडेचंच घेतलं. ते झाकण अजून डोळ्यापुढं येतं.

दुसऱ्या दिवशी लोखंड निघेना. बर्फात ठेवलं, गार झालं की लोखंड आकसतं म्हणून. नाही. मग स्क्रूच्या भोकातून लाकडी दांडा घातला आणि मोगरीनं ठोकलं. हळू, मग जरा जोरात, मग — टक्. लोखंड हातात आलं. मला काय आनंद झाला. मग खाली बघितलं तर लेप पट्टीएवढा सोललेला, आणि दस्त्यात, मागच्या स्क्रूच्या भोकाजवळ, केसाएवढी चीर. बॅटरी तिरकी धरली तरच दिसेल अशी. चाचणी तीन दिवसांवर. मी चिरेत पातळ गोंद सोडला, आवळून बांधलं, घासलं, पॉलिश केलं. ती आली, दस्त्यावरून हात फिरवला — नेमका त्याच जागेवरून — आणि म्हणाली, काका, जमलंय.

चाचणीत गोळ्या दोन जागी पडल्या. काही इथं, काही तिथं. लोक म्हणाले घाबरली असेल. ती म्हणाली, माझा हात हलतोय.

एवढंच असतं तर माणूस चुकतो म्हणून मी स्वतःला समजावलं असतं. पण चार दिवसांनी वडील रायफल घेऊन आले. त्या दारातच उभे राहिले, चपला पण काढल्या नाहीत. म्हणाले, मिस्त्री, एकदा बघा, पोरगी जेवत नाही. मी दस्ता हातात घेतला, उजेडात फिरवला, बघितल्यासारखं केलं. आणि म्हणालो, रायफल ठीक आहे.

तीन शब्द. त्यांनी घरी जाऊन तेच सांगितलं असणार. दुसरं काय सांगतील. माझ्या शब्दावर विश्वास होता त्यांचा. त्यानंतर तिनं रायफल हातात धरली नाही, असं कानावर आलं.

हो. थांबा, ताई, उठू नका — मघाशी आत आल्या आल्या तुम्ही म्हणालात, काका, ओळखलंत का. मी नाही म्हणालो. तेही खोटंच. बॅग पूर्वीसारखीच डाव्या खांद्यावरून उतरवलीत तेव्हाच ओळखलं. तरी मी सगळं मेण-पॉलिश सांगत बसलो, वाटलं, ठिपका ठेवू, उद्या बघू, पुन्हा उद्यावर जाईल. पण त्याआधीच तुम्ही हसत हसत म्हणाला होतात — लेकीच्या गोळ्या दोन जागी पडतात, तिचा हात माझ्यावर गेला असेल. ते ऐकलं आणि मला तो आवाज आला. हा दस्ता तोच आहे. नवा लेप आहे, दस्ता तोच.

इकडं ये. हो, आता तू म्हणतो, मागं म्हणायचो तसं. बॅटरी मी धरतो. इथं, स्क्रूच्या मागं — नख फिरव. अजून थोडं खाली. अडकलं? तीच. यावर कुठलंही मेण लाव, कितीही चांगलं बेडिंग कर, हे लाकूड दर गोळीला उघडणार. तिचा हात हलत नाही, पोरी. तुझाही हलत नव्हता. तो हात असा उजेडात धरून बघू नकोस, त्याचं काही चुकलं नव्हतं.

तुझे वडील असते तर त्यांच्यापुढंही— नाही, त्यांच्यापुढं नसतं जमलं. ते दारात उभे राहिले असते आणि मी परत तेच बोललो असतो.

नवा दस्ता मी करून देईन. डोळे अधू झालेत पण हाताला कळतं अजून. की दुसऱ्या कुणाकडं जातेस? तसं सांग, मी चांगला माणूस सांगतो. रागाव, काय बोलायचं ते बोल, दुकानात दुसरं कुणी नाही.

स्क्रू काढतेस? दे, मी— बरं. लोखंड फडक्यात गुंडाळ, लेपाला ओरखडा नको. बॅगेची चेन जरा अडकते, वर ओढून... हां.

निघालीस? पोरी, दस्ता राहिला इथं. हा दस्ता—